निवडल्याशिवाय माल पुढे जात नाही

मला किळस पटकन येते. दुधावरची साय, दुसऱ्याच्या कंगव्यातले केस, बसचा चिकट दांडा, काहीही पुरतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणतात, तुला चार दिवस मेसमध्ये भांडी घासायला बसवायला हवं होतं, सगळी नाटकं गेली असती. देवळाली कॅम्पात लष्कराच्या मेसमध्ये त्यांनी आयुष्यभर पोळ्या लाटल्या. आता निवृत्त झाल्यावर ते भाजी आणतात आणि गेम खेळतात.

गेम खरं तर माझा. मी शाळेत असताना एका साहेबांची बदली झाली आणि जाताना त्यांच्या बायकोनं आपल्या मुलाचं हातात मावणारं जुनं मशीन मला देऊन टाकलं. गवतात हिंडून चित्रविचित्र प्राणी पकडायचे, त्यांना लढवायचं, वाढवायचं, असा तो खेळ. मला महिन्याभरात कंटाळा आला. अण्णांना वीस वर्षांत आला नाही.

त्यांचा लाडका एकच. करडा, शेंबडासारखा लिबलिबीत, गोगलगायीच्या जातीचा. मला तो बघवत नसे. लढून लढून ताकद वाढली की हे प्राणी चमकायला लागतात आणि रूप बदलून चांगले रुबाबदार होतात. पण ऐन वेळी एक बटण दाबलं तर बदल थांबतो. अण्णांनी दर वेळी ते बटण दाबलं. "राहू दे. लहानच बरा, माझं ऐकतो," म्हणायचे. त्याला नाव ठेवलं नाही, नुसतं 'आपला' म्हणायचे.

मागच्या वर्षी साखरेनं अण्णांची नजर गेली, म्हणजे पूर्ण नाही, पण मशीनचा तेवढासा पडदा दिसेना. एका सकाळी चहा पिता पिता म्हणाले, "आपला टीव्हीवर आणता येईल का गं?" या माणसानं माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. मी टीव्हीला जोडायचं नवं मशीन आणलं.

तर कळलं की जुन्या गेममधला प्राणी थेट नव्यात येत नाही. मधली दोन मशीन लागतात, त्यांच्यातून एकेक टप्पा पुढे सरकवायचा, आणि गेलेला प्राणी मागे येत नाही. हे सगळं सामान असलेला एक जण गेमवाल्यांच्या ग्रुपवर सापडला. माझ्याच वयाचा, देवळा गावचा, घरचा कांद्याचा व्यापार. जुनं-नवं दोन्ही मशीन घेऊन मी बसनं गेले.

घराला लागून कांदा साठवायची चाळ. सडक्या कांद्याचं पाणी पायऱ्यांपर्यंत आलं होतं. मी साडी उचलून, नाक दाबून आत गेले. पडवीत त्याची आई कांदे निवडत बसली होती. मोठा एकीकडे, बारीक गोल्टी एकीकडे, आणि खराब तो खाद म्हणून बाजूला. आत हा, वेफर्सच्या तेलानं माखलेल्या बोटांनी अण्णांचं मशीन घेऊन बघायला लागला. अण्णांच्या अंगठ्यानं झिजलेल्या बटणावर त्याचा तेलकट अंगठा.

त्यानं कौतुकानं स्वतःचा खेळ दाखवला. गेममध्ये अंडी उबवायची, शंभरातून एखादा अव्वल निघाला तर ठेवायचा. "आणि बाकीचे?" मी विचारलं.

"सोडून द्यायचे, ताई. जागा लय अडवतात."

सोडून देणं म्हणजे पुसून टाकणं. मग त्यानं विचारलं, "तुमच्या प्राण्यांत काही खास हाय का?"

इथे मी बोलायला हवं होतं. पण माझ्या म्हाताऱ्या बापाचा जीव एका शेंबड्या गोगलगायीत अडकलाय, हे त्या तेलकट तोंडासमोर माझ्या तोंडून निघेना. "खास असं काही नाही. तुम्हाला समजेल तसं करा," म्हणाले आणि हात धुवायला नळ शोधला.

आठवड्यानं मशीन आणायला परत गेले. "चार पाठवले, ताई," तो खुशीत म्हणाला. "बाकी खाद होती. एकाला तर बघून हसूच आलं. ताकद एवढी आन् रूप बदलूच दिलं नाय! काढून टाकला."

"परत आणा."

"सोडलेला परत येत नाय ना."

माझा चेहरा का उतरला ते त्याला कळेचना. "घरचं समजून निवड करून दिली," तो पुन्हा पुन्हा सांगत होता. पडवीतून आई म्हणाली, "निवडल्याबिगर माल पुढं जातो का, बाई?" तिचंही खरंच होतं. लुच्चेपणा असता तर मी भांडले तरी असते.

मग तो म्हणाला, त्याच जातीचा देतो, एक नंबर, ताजा उबवलेला. मी घेतला. परतीच्या बसमध्ये सगळा रस्ता कांद्याचा वास माझ्याच अंगाला येत होता.

अण्णांनी खुर्ची टीव्हीपासून हातभरावर ओढली. "लहान झाला की गं."

"मशीन बदललं की ताकद पहिल्यापासून मोजतात," मी म्हणाले. सहज आलं तोंडात.

"असू दे. माझीही गेलीच की." आणि ते लढायला बसले. हरले, जिंकले, 'शाबास रे' म्हणाले. तीन दिवसांनी तो चमकायला लागला. अण्णा घाबरले. नव्या मशीनवर त्यांचा अंगठा चाचपडत होता. "बटण कुठलं गं? लवकर सांग, मोठा होईल तो!"

मी त्यांचा अंगठा धरून बटणावर ठेवला आणि दाबला. चमक थांबली. गोगलगाय होती तशी राहिली.

अण्णा खुर्चीत मागे टेकले. त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं होतं. "बघ, ओळखलं त्यानं मला."

मी "हो" म्हणाले. तेव्हा मला माझीच जशी किळस आली, तशी त्या प्राण्याची कधी आली नव्हती.