वाढत्या मापाचं धनुष्य

दोरी रूथच्या कोपराला दुसऱ्यांदा लागली, तेव्हा अण्णा म्हणाले, "आर्मगार्ड घाल गं. हुईल सवय."

रूथ हसली. कोपराच्या आतल्या बाजूला लांब लाल वळ उठला होता आणि ती हसत होती, कारण धनुष्य जांभळं होतं. चकचकीत, कोरं. तिचं वय चौदा. आजवर अॅकॅडमीचं जुनं, रंग उडालेलं एकच धनुष्य तिच्या मापाच्या चार मुली आळीपाळीने वापरत होत्या. आता राज्याच्या ट्रायल्सआधी एक नवं घ्यायचं आणि ते रूथच्या नावावर द्यायचं, असं ठरलं होतं. पुण्याहून डीलर ते दाखवायला घेऊन आला होता.

मी शेडच्या दाराशी तिरांना पिसं चिकटवत बसले होते. माझं लक्ष गोंदावर नव्हतं.

आमची अॅकॅडमी केडगावच्या पुढे, पुणे रस्त्याला. मी तिथे दोऱ्या बांधते. आधी मला फक्त टार्गेटच्या गवताचे गठ्ठे शिवायला ठेवलं होतं. मी घरी ब्लाउज शिवायचे, हात सरळ चालतो, म्हणून कोच सरांनी दोरीचं काम शिकवलं. खिळ्यांच्या चौकटीवर धागा ताणायचा, पीळ द्यायचा, टोकं गुंडाळायची. सात वर्षं झाली. माझं शिक्षण चौथी. चारचौघांत बोलायला मला जमत नाही, आणि कामात बोलावं लागत नाही म्हणून हे काम मला आवडतं.

कंपाउंड धनुष्य म्हणजे चाकांचं धनुष्य. दोन्ही टोकांना चाकं असतात, त्यांना कॅम म्हणतात. साधं धनुष्य जितकं ओढाल तितकं जड होत जातं, आणि हात थकला की मध्येच थांबता येतं. याचं तसं नाही. हे सुरुवातीला जड लागतं, मग चाकं फिरतात आणि एकदम हलकं होतं. तिथे भिंत लागल्यासारखी दोरी थांबते. ती भिंत किती इंचांवर यायची ते चाकावर ठरलेलं असतं. त्याला ड्रॉ लेंग्थ म्हणतात. ती ओढणाऱ्याच्या हातांच्या मापाचीच लागते. चपलेसारखं आहे. एक नंबर मोठी चप्पल घालून कुणी शर्यत पळत नाही.

आणि रूथ दोन नंबर मोठ्या चपलेत पळत होती. धनुष्य पूर्ण ओढलं की दोरी तिच्या ओठांच्या कोपऱ्याशी यायला हवी. ती कानापाशी जात होती. तिची कंबर मागे वाकत होती, डोक्यावर भरलेला हंडा असल्यासारखी. डावा हात कोपरात ताठ होऊन आत वळत होता. म्हणून दोरी लागत होती. हे मला बसल्या जागेवरून दिसत होतं. कोच सर तर तिच्यापासून दोन हातांवर उभे होते. त्यांना दिसत नव्हतं असं मी मानत नाही. ते मोबाईल बघत होते.

"थोडं मोठं वाटतंय का?" सर शेवटी डीलरला म्हणाले. अगदी हळू.

डीलरच्या आधी अण्णाच बोलले. अण्णा म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. "आवं, वाढतं अंग हाय पोरीचं. आमी काय दर वर्षाला धनुष्य घ्यायचं व्हय? वाढत्या मापाचं घ्या. दोन वर्सात बरुबर बसंल."

"करेक्ट बोललात अण्णा," डीलर म्हणाला. "सगळे हुशार पालक असंच घेतात."

सर पुन्हा मोबाईल बघू लागले. माझ्या बोटाला गोंद चिकटला होता तो मी ओरबाडून काढला, कातडीसकट.

वाढतं माप मलाही माहीत आहे. आयुष्यभर मी लेकींच्या फ्रॉकना, परकरांना आत दोन बोटं कापड जास्त सोडत आले. पण कापड आत दुमडता येतं. धनुष्य दुमडता येत नाही. दोन वर्षं ती पोर कंबर मोडून, कोपर वळवून ओढणार. तोवर खांदा जाणार. खांदा गेला की माप बरोबर बसून काय उपयोग? अशी एक मुलगी आमच्याकडे होऊन गेली आहे. तिला आता वरच्या फळीवरचा डबा काढता येत नाही.

मंडळी चहाला बसली. मी रूथला शेडमध्ये बोलावलं.

"भिंतीला टेक. दोन्ही हात आडवे पसर."

"कशाला मावशी?"

"पसर म्हटलं ना."

माप घ्यायची रीत सोपी आहे. एका हाताच्या मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटाच्या टोकापर्यंत टेप लावायची. येईल त्याला अडीचने भागायचं. रूथचं आलं साडेबासष्ट इंच. अडीचकी मला वडिलांनी पाठ करून घेतली होती. पंचवीस अडीचं साडेबासष्ट. म्हणजे हिला पंचवीस इंचांचं धनुष्य पाहिजे. जांभळ्या धनुष्याच्या आतल्या बाजूला चिठ्ठी होती. मी इंग्रजी वाचत नाही, पण आकडे आकडेच असतात. सत्तावीस ते तीस. सत्तावीसच्या खाली ते येतच नव्हतं.

मी टेप गुंडाळली आणि पुन्हा पिसं चिकटवायला बसले. खरं तेच लिहिते. मी उठून सांगितलं नाही. राग अण्णांचा आला, सरांचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा आला.

बाराच्या सुमारास रूथची आई आली. एस्तरबाई. सुप्याला कंपनीत पॅकिंगला आहे, हाफ डे टाकून आली होती. धनुष्य नावावर देताना पालकांची सही लागते. अण्णांनी कागद पुढे केला. एस्तरबाईने कागद हातात घेतला, पण आधी तिची नजर लेकीच्या कोपरावर गेली. वळ आता निळा पडला होता.

"हे काय झालं?"

"काय न्हाई वं," अण्णा म्हणाले. "खेळात व्हतंच. तुमी सही करा."

"दोरीला जरा पीळ दिला की लेंग्थ कमी होते, ताई," डीलर म्हणाला. मग माझ्याकडे बोट केलं. "तुमच्या या मावशी दोरीचंच काम करतात ना? त्या देतील बसवून. अर्ध्या तासाचं काम."

"लताबाई," अण्णा म्हणाले, "घ्या ते मशीनवर. द्या पीळ."

मशीन म्हणजे धनुष्य दाबून दोरी सैल करायचा शिकंजा. आता गोष्ट माझ्या हातात आली होती. पिळाने दोरी आखडते आणि माप कमी होतं, हे खरं आहे. पण किती? पाव इंच. फार तर अर्धा. दोन इंच कमी करायला गेलं तर दोरीला गाठीसारखे वेढे पडतात, दोन्ही चाकं मागे-पुढे फिरायला लागतात आणि एक दिवस ओढलेली असतानाच दोरी तुटते. तेव्हा ती पोरीच्या तोंडासमोर असते.

"नाही होणार," मी म्हणाले.

आवाज इतका बारीक निघाला की अण्णांनी विचारलं, "काय?"

"नाही होणार. हे सत्तावीसचं आहे. तिला पंचवीस लागतं. मी माप घेतलंय."

"तुमी माप घेतलं?" अण्णा हसले. डीलरकडे बघून म्हणाले, "चौथी शिकल्यात आमच्या मावशी. आता त्या सांगनार, आन आमी ऐकनार." मग माझ्याकडे वळून, "तुमाला पीळ द्यायला सांगितलंय. सल्ला न्हाई मागितला."

"पीळ देणार नाही," मी म्हणाले. मी हात पदरात घातले. "दोरी तुटली तर माझ्या हातची तुटेल. दुसऱ्या कुणाकडून करून घ्या."

डीलर म्हणाला, "बरं, पंचवीसचं मी मागवतो. दोन-तीन महिने लागतील. तोवर हेच वापरू द्या."

"मग तीन महिन्यांनीच आणा," मी म्हणाले.

एस्तरबाई माझ्याजवळ आली. "ताई, मला यातलं काई कळत न्हाई. तुमची पोर असती तर घेतलं असतं का?"

"नसतं घेतलं."

तिने सरांकडे पाहिलं. "सर, तुमी सांगा. ह्या खोटं बोलत्यात का?"

सरांनी अण्णांकडे पाहिलं. मग जमिनीकडे. "तसं... माप थोडं जास्त आहे."

"थोडं म्हंजी?"

 एस्तरबाईने कागद घडी न करता टेबलावर ठेवला. "मंग मला नको."

"ट्रायलला पोरगी काय हातानं तीर फेकनार का?" अण्णा ओरडले.

"जुन्यानं मारंल. आजवर मारलंच की."

रूथ तिथेच रडायला लागली. "आई, मला चालतंय ते. मला दुखत न्हाई." मग माझ्याकडे वळून ओरडली, "तुमाला कुनी विचारलं हुतं मावशी?"

डीलर धनुष्य बॅगेत भरून घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी अण्णांनी मला दोऱ्यांवरून काढून परत गवत शिवायला बसवलं. त्याच संध्याकाळी कोच सर शेडच्या मागे आले. इकडे-तिकडे बघून म्हणाले, "मावशी, तुम्ही बरोबर होतात. मलाही तेच म्हणायचं होतं."

मी दाभण गवतात खुपसला. "सर, मग म्हणायचं होतं. काल. तिथे."

ते निघून गेले. अण्णांच्या शब्दापेक्षा त्यांच्या या शाबासकीचाच राग माझ्या मनात जास्त राहिला. अण्णांना माप कळत नव्हतं. यांना कळत होतं.

रूथ ट्रायल्सला जुन्या धनुष्यानेच गेली आणि निवडली गेली नाही. गोड करून सांगण्यासारखं त्यात काही नाही. नव्या धनुष्याने निवडली गेली असती का, मला माहीत नाही. ती महिनाभर माझ्याशी बोलली नाही. तिच्या तिरांना नवी पिसं लावायची वेळ आली की तीर मैत्रिणीच्या हाती पाठवायची. दोन महिन्यांत तीन धनुष्यांच्या दोऱ्या गेल्या, तेव्हा अण्णा शेडमध्ये आले आणि म्हणाले, "लताबाई, दोऱ्या बघा जरा." चुकलं वगैरे काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. दोऱ्या बघितल्या.

पंचवीस इंचांचं धनुष्य दिवाळीनंतर आलं. काळं आहे. रूथने पहिल्यांदा ओढलं तेव्हा तिची पाठ सरळ राहिली आणि दोरी ओठांच्या कोपऱ्याशी येऊन थांबली. कोपराला लागली नाही. तिने दहा-बारा तीर मारले आणि मग माझ्याकडे येऊन म्हणाली, "मावशी, जांभळं नव्हतं का मिळत यात?"

कुणी मुलांना धनुष्य घ्यायला निघाला असाल तर रंग, कंपनी, डीलरचं बोलणं नंतर बघा. आधी मुलाला भिंतीला टेकवून हात पसरायला सांगा आणि टेप लावा. आणि माप चुकलेलं दिसलं तर सगळ्यांसमोर, तिथल्या तिथे सांगा. शेडच्या मागे येऊन सांगितलेलं माप कुणाच्या उपयोगाचं नसतं.