सात दिवसांचं निरीक्षण

पांडेसरातल्या एका मराठी शाळेत मी आठवीला मराठी शिकवते. लग्नानंतर नाशिकहून सुरतेला आले, तेव्हापासून निबंध तपासतेय. बहुतेक मुलं खानदेशी घरांतली. घरी अहिराणी, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती. माझ्या तासाला मात्र सगळी एकसारखी लिहितात. 'माझे वडील' विषय दिला की प्रत्येक वहीत वडील कष्टाळू, प्रेमळ आणि शिस्तप्रिय.

त्यातल्या एका मुलीचा निबंधही तसाच होता. विचारल्याशिवाय कधी बोलायची नाही ती. एकूण पाच वाक्यं. मी दहापैकी चार गुण दिले आणि खाली लाल शाईने लिहिलं, 'विस्तार हवा'.

आठवड्याभराने मधल्या सुट्टीत विज्ञानाचे सर तिची वही घेऊन माझ्याकडे आले.

"बाई, जरा बघता का? यात एक शब्द मला कळत नाहीये. आणि गुण किती द्यावेत, तेही."

त्यांनी वर्गाला सांगितलं होतं, कुठलीही एक गोष्ट सात दिवस रोज एकाच वेळी बघा आणि दिसेल तेच लिहा. कुणी मुगाला आलेले मोड लिहिले होते, कुणी चंद्र. हिने वडिलांचे हात निवडले होते. ते डाइंग मिलमध्ये रंगाच्या खात्यात काम करतात. संध्याकाळी घरी येऊन नळावर हात धुतात, तेव्हा ही शेजारी उभी राहायची.

मी वाचायला लागले.

'सोमवार. निळा. साबणाने तळहाताचा गेला, नखांच्या कडेचा राहिला. मंगळवार. लाल. अंगठ्याच्या भेगेत कालचा निळा आहे, म्हणून तिथे जांभळा दिसतो. बुधवार. काळा. लिंबू चोळलं. भेगेत झोंबलं. रंग तसाच.' शनिवारी लिहिलं होतं, 'बाबा उजव्या हाताने जेवतात, म्हणून उजव्या हाताचा रंग आधी जातो.' आणि शेवटी, 'रविवार. सुट्टी. बठ्ठा रंग गेला असं वाटलं. उन्हात बघितलं तर गेला नव्हता.'

इतकी वर्षं मी मुलांना 'वर्णनात्मक लेखन' शिकवत होते.

"बठ्ठा म्हणजे?" कोल्हापूरकडच्या सरांनी विचारलं.

"सगळा. अहिराणी आहे." माझ्या निबंधाच्या वहीत हा शब्द आला असता तर मी त्यावर लाल रेघ ओढली असती, हे त्यांना सांगितलं नाही.

"निष्कर्ष लिहिलेला नाही तिने. नियमाने दोन गुण जातात."

आम्ही मुलीला बोलावलं. ती दारातच घाबरून उभी राहिली.

"अगं, हे माझ्या निबंधात का नाही लिहिलंस?" मी विचारलं.

"बाई, निबंधात चांगलं चांगलं लिहायचं असतं ना? सरांनी सांगितलं होतं, दिसेल तेच लिहा."

"बाबांना माहीत होतं, तू लिहितेस ते?"

"पहिले दोन दिवस नाही. मग कळलं. मग बाबाच हात पुढे करायचे. म्हणायचे, बघ नीट, लिही."

सरांनी हलक्या आवाजात विचारलं, "निष्कर्ष राहिला का गं?"

तिने थोडा विचार केला. "राहिला नाही, सर. सात दिवसांत निघत नाही. अजून बघायला लागेल."

सरांनी तिथल्या तिथे पैकीच्या पैकी गुण दिले. म्हणाले, "बाई, खऱ्या प्रयोगशाळेतही असंच म्हणतात."

पुढच्या निबंधाला मी विषय दिला नाही. घरातलं एक माणूस सात दिवस बघा, घरचा शब्द आला तर येऊ द्या, एवढंच फळ्यावर लिहिलं. तो कसा तपासायचा हे ठरवायला सर आणि मी दोन दिवस बसलो. अक्षराचं वळण, मुद्दे, सुविचार यांचे गुण काढून टाकले. किती नीट पाहिलं आणि ते वाचणाऱ्याला दिसतं का, याला ठेवले.

वह्या आल्या. एकीत साड्यांवर खडे चिकटवणारी आई होती. प्रत्येक खडा ठेवताना ती श्वास रोखते आणि दहा-बारा खड्यांनंतर एकदम सोडते, असं मुलाने लिहिलं होतं. दुसरीत आजी भाजीवाल्याशी गुजरातीत बोलायला लागली की तिचा आवाज बारीक होतो, ती लहान मुलीसारखी वाटते, असं होतं.

या मुलांना मी रोज बघत होते. ती इतकं बघतात, हे मला माहीत नव्हतं. पहिल्या वहीला गुण द्यायलाच मला अख्खा तास लागला.