दाखल्यावरची दोन वर्षं

डिंभ्याहून दुधाचा टेम्पो घेऊन निघालो की सोळा वर्षांची ती पोर रोज पळताना दिसायची. रस्त्याच्या अगदी कडेनं, शेजारी एका माणसाची जागा सोडून. राज्याच्या मॅरेथॉनला मुलींत पहिली आलेली. परवा मात्र दगडावर बसून होती. देशपातळीच्या अठरा वर्षांखालच्या मुलींच्या शर्यतीतून तिचं नाव कापलं होतं, कारण शाळेच्या दाखल्यावर ती अठराची होती.

मी भडकलो. "कुण्या शहाण्यानं लिवलं हे?"

"बापानं. शाळेची वाट रानातली, थोरलीला एकटीला भ्या वाटायचं. म्हणून वय वाढवून मला तिच्याच वर्गात घातलं."

"मग दुरुस्त करून घे की."

"थोरली तापानं गेली, भाऊ. तिच्यासंगं व्हते, एवढं त्या कागदावरच हाय. ऱ्हाऊ द्या."

उठली आणि पळू लागली, शेजारची जागा तशीच सोडून.