मास्तरांचा डावा हात

ऑफिसात तिला सगळे बोटंताई म्हणत. तोंडावरच म्हणत, त्यामुळे रागवायची सोय नव्हती. कार्टून मालिकेवर शंभरेक माणसं राबत. कुणी डोंगर रंगवी, कुणी ढग, कुणी घोड्यांच्या टापा. हिच्या वाट्याला बोटं आली होती. व्हायोलिन वाजवणारी बोटं, सलग अकरा वर्षं.

मालिकाच तशी होती. तिच्यातली माणसं तलवारीनं लढत नसत, वाद्यांनी लढत. नायिकेनं गज ओढला की किल्ल्याची भिंत दुभंगे, आणि सूर चुकला तर वार उलटून वाजवणाऱ्यावरच येई. त्यामुळे पडद्यावरचं बोट योग्य तारेवर, योग्य जागी पडायलाच हवं. बघणारी पोरं महाद्वाड. ‘तिसऱ्या भागात करंगळी चुकली, मग राक्षस मेला कसा?’ अशी पत्रं यायची.

बोटंताईला स्वतःला सूर कशाशी खातात हेही ठाऊक नव्हतं. वाजवायचा तिचा नवरा. व्हायोलिनच्या शिकवण्या घ्यायचा, म्हणून सगळ्या गल्लीचे ते मास्तर. रोज सकाळी मास्तर खिडकीजवळच्या स्टुलावर बसून वाजवत आणि ही खालून दिवा लागणाऱ्या काचेच्या टेबलावर कागद ठेवून चित्रं काढी. पडद्यावरच्या एका सेकंदाला बारा. पहिल्याच भागात तिनं शहाणपणा करून कपाटाच्या आरशात बघून हात काढले, आणि नायिका जन्माची डावरी झाली. मास्तर पुढं कित्येक वर्षं त्यावर हसले. “माझी सगळी विद्या उलटी केलीस गं,” म्हणायचे.

मग मास्तरांचा डावा हात थरथरू लागला. आधी चहाच्या कपात दिसलं, मग तारांवर. शिकवण्या त्यांनी आपण होऊनच बंद केल्या. चारचौघांत हात खिशात. झाकली मूठ सव्वा लाखाची. डॉक्टरांनी हिला बाजूला घेऊन सांगितलं, “वाजवणं सुटू देऊ नका. सुटलं तर हात आखडेल, आणि माणूसही.”

तेव्हापासून हिला एकच ध्यास. “अहो, एवढा तुकडा परत वाजवा बरं, तर्जनी नीट दिसली नाही.” खरं तर ती बोटं तिला तोंडपाठ झाली होती, डोळे मिटून काढली असती. पण आपल्यावाचून हिचं अडतं, एवढ्या एका समजुतीवर मास्तर रोज दाढी करून स्टुलावर येत. कुरकुरत येत, पण येत. कागदावर मात्र ही ती थरथर उतरू देत नसे. तेही मास्तरांना पटलेलं होतं. नायिका विशीतली पोर, तिचा हात थरथरून कसं चालेल?

मालिकेच्या शेवटच्या हंगामात नायिकेच्या म्हाताऱ्या गुरूची अखेरची लढाई आली. दिग्दर्शक म्हणाला, “ताई, थकलेला माणूस आहे. हात थरथरू दे. खरा वाटेल.” बोटंताई त्या दिवशी जवळजवळ पळतच घरी आली.

“अहो, या वेळी तुमचाच हात हवाय. आहे तस्सा!”

“थरथरीसकट?” मास्तरांनी डोळे बारीक केले. “बघ हं, हात दाखवून अवलक्षण व्हायचं.”

पण खुलले होते. तीन आठवडे न लाजता वाजवलं. बोट निसटलं तर “हे घे, हे काढ,” म्हणायचे. खिसा विसरले. घरात असं हसणं दोन वर्षांत झालं नव्हतं.

आणि इथं तिनं घात केला. चित्रं काढायला बसली आणि पेन्सिल पुढं जाईना. आपल्या माणसाचा कापरा हात उभ्या जगानं बघायचा? पोरं खिदळतील, नकला करतील. तिला ते सोसेना. ज्या बाईला करंगळीची सूतभर चूक दिसे, तिला समोर बसलेल्या माणसाचा आनंद दिसला नाही, याला काय म्हणावं! रेघ न् रेघ तिनं सरळ केली. दिग्दर्शक चुकचुकला, पण परत काढायला वेळ नव्हता. घरी ती काहीच बोलली नाही.

रविवारी सकाळी तो भाग लागला. मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते, डावा हात उघडा मांडीवर. पडद्यावर म्हाताऱ्या गुरूनं व्हायोलिन उचललं. बोटं तारांवरून सपासप फिरली, पंचविशीतल्या माणसासारखी. किल्ला कोसळला.

मास्तरांनी पडद्याकडं पाहिलं, मग मांडीकडं. हात हळूच खिशात गेला. घरात, तिच्यासमोर, पहिल्यांदाच.

“छान काढलंस,” ते म्हणाले.

“अहो, मला वाटलं...”

“नाही, खरंच. असाच होता.”

दुसऱ्या दिवशी स्टूल रिकामं राहिलं. तिनं हाक मारली, “अहो, एक तुकडा हवा होता.”

“तुला पाठ आहे की,” आतून आवाज आला. “काढ तू.”

चार दिवस तिनं नाना सबबी सांगून पाहिल्या. पाचव्या दिवशी टेबलाचा दिवा लावला आणि गुरूचा हात परत काढला. कापरा, निसटणारा, जसाच्या तसा. बारा कागद. ते घेऊन आत गेली. मास्तर दाढी वाढलेली तशीच पलंगावर बसले होते. त्यांनी कागद डाव्या हातात घेतले, एकेक नीट पाहिला. कागद हातात फडफडत होते.

“हुबेहूब आहे,” ते म्हणाले. “आता कशाला गं?”

कागद त्यांनी तिला परत दिले, आणि हात खिशात घातला.