शर्यतीत सावकाश

मुलुंडला आमच्या शेजारच्या काकू मुलाचा मोटारशर्यतीचा व्हिडिओ गेम खेळतात, तोही अतिशय सावकाश. मागून गाडी आली की बाजूला होत म्हणतात, "जा बाबा, तुला घाई."

जिन्यात पडल्यापासून त्या घराबाहेर पडलेल्या नाहीत. पाय केव्हाच बरा झाला, पण जिन्याची धास्ती कायम आहे. मी शेजारी बसून पडद्यावरच्या रस्त्याकडेचा समुद्र पाहते. त्यांची तक्रार एकच असते, "एवढा रस्ता बांधला मेल्यांनी, पण टेकायला एक बाकडं नाही ठेवलं."

काल त्यांनी खेळ मध्येच थांबवला, चपला घातल्या आणि माझा हात घट्ट धरला. आम्ही एकेक पायरी उतरलो. फाटकाजवळच्या बाकड्यावर बसून त्यांनी धाप ओसरू दिली, शेजारची जागा पदराने पुसली.

"टेक गं. गेमवाल्यांपेक्षा आपल्या सोसायटीला अक्कल आहे."