टोपीखालची बरगडी

ती घटना आजही आठवते, आणि तिच्याआधी माझी टोपी आठवते. साठच्या दशकात मी पालघर भागात नवा फौजदार होतो. मिशी आली होती, अक्कल यायची होती.

तारापूरजवळच्या खाडीत भर दुपारी एक छोटं विमान पडलं. वैमानिक वाचला, हात तेवढा मोडला. चौकशीला मुंबईहून आलेले अधिकारी मला म्हणाले, "पंखाच्या आत ॲल्युमिनियमच्या बरगड्या ओळीनं बसवतात. पंखाचा आकार त्याच धरून ठेवतात. त्यातली एक गायब आहे. ती आधीच तडकलेली असेल तर या मुलाचा दोष नाही. सापडली नाही, तर त्याचा परवाना जाणार."

तो वैमानिक मुलगा हात गळ्यात बांधून रोज ठाण्यातल्या बाकावर येऊन बसे. विचारत काही नसे, नुसता बघे. त्यापेक्षा वरिष्ठांच्या शिव्या परवडल्या.

मनोरपर्यंतचे भंगारवाले मी झाडून आणले. एकाकडे तांब्याचा बंब सापडला. तो त्याच्या आईचा निघाला. शेवटी बोईसर स्टेशनबाहेरच्या चहावाल्यानं खबर दिली, "सायब, कोळीवाड्यात होड्या बांधनारा म्हातारा हाय ना, त्यानं चिखलातून कायतरी चकाकतं नेलं."

दोन पंच आणि हवालदार घेऊन मी त्याच्या दारात गेलो. उकाड्यानं जीव चालला होता. टोपी काढून पडवीत अडकवली आणि दरडावलं, "विमानाचा माल चोरलास?"

"चोरला नाय, सायब."

झडती सुरू झाली. तांदळाचा डबा, जाळी, कोंबड्यांचं खुराडंसुद्धा पाहिलं. कोंबडी मला टोचली, तेव्हा हवालदारानं तोंड फिरवलं.

शेवटी त्याची म्हातारी कावली. "घराचा उकिरडा केला तुमी! तुमची टोपी कशाला टांगलीय ते तरी बघा!"

पडवीच्या वाशाला मोडक्या होड्यांच्या लाकडी बरगड्या ओळीनं टांगल्या होत्या. शेवटची ॲल्युमिनियमची होती. तिच्या टोकावर माझी टोपी.

"मग नाही कशाला म्हणालास?"

"तुमी चोरली काय, विचारलं. होडी फुटली की पयली मोडलेली बरगडी आमी चिखलात सोडत नाय. घरी आनून टांगायची, का मोडली ते बघायचं. पुढच्या होडीला तिथं जाड लाकूड घालायचं." त्यानं मोडलेल्या कडेवर बोट ठेवलं. "हितं काळपट हाय, ती जुनी चीर. हितं चकचकीत, ते त्या दिवसाचं. पोरानं नाय मोडली, सायब. आधीच तडकली व्हती."

मी खुराड्यावरच बसलो. "बाबा, हेच जबाबात सांगाल?"

"सांगन. पन माझी बरगडी परत आना."

पंचनाम्यात हवालदारानं लिहिलं, 'सदर वस्तू तपासी अधिकाऱ्याच्या टोपीखाली मिळून आली.' मी मुकाट सही केली.

तज्ज्ञांनीही जुनीच चीर म्हटलं. परवाना वाचला. काही महिन्यांनी एक छोटं विमान कोळीवाड्यावरून पंख झुकवत गेलं. सगळ्यांनी वैमानिकाला हात केले. म्हातारा मात्र उन्हासाठी कपाळावर हात आडवा धरून पंखच न्याहाळत होता. "हां," तो म्हणाला, "आता जाड केलंय."

पुढे नोकरीभर मी 'कोणी केलं' याच्याआधी 'काय झालं' असं विचारत आलो. घरात मात्र अजून जमत नाही. चष्मा हरवला की पहिला संशय नातवंडांवर जातो, आणि आतून बायकोचा आवाज येतो, "आधी टोपी कशाला टांगलीय ते बघा!"