एकाच रक्ताचे दोन आकडे

प्रमोद जहाजावरून घरी आला तेव्हा त्याच्या पायात चपला जात नव्हत्या. प्रमोद माझा एकुलता एक मुलगा. अठरा वर्षं तो जहाजाच्या इंजिनखोलीत तेलपाण्याचं काम करत होता. नडगीवर बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि तो लवकर भरून यायचा नाही. सून म्हणाली, लघवीला फेस येतो, आणि हे कुणाला सांगू नको म्हणतात. मी त्याला विचारलं तर म्हणाला, "आये, बोटीवरच्या खाण्याने सूज येते. दोन दिवसांत जाईल." आठवडा झाला तरी गेली नाही.

अमेरिकेतल्या एका बंदरात तो इंजिनखोलीत चक्कर येऊन पडला होता, तेव्हा त्याला तिथल्या इस्पितळात नेऊन रक्त तपासलं होतं. त्याचा कागद त्याने प्लास्टिकच्या पाकिटात जपून आणला होता. त्यावर एका आकड्याभोवती पेनाने गोल केलेला होता. त्रेसष्ट. साठाच्या वर असला की मूत्रपिंड ठीक, असं त्याला सांगितलं होतं. गावाजवळच्या पालीच्या डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी दिली आणि रत्नागिरीला जाऊन पुन्हा रक्त तपासा म्हणाले. हा गेला नाही. अमेरिकेत तपासलंय, आता रत्नागिरीत आणखी काय बघणार, असं त्याचं म्हणणं. मलाही ते पटलं. मी चौथी शिकलेली. परदेशातला छापील कागद म्हणजे मला मोठीच गोष्ट वाटली.

मुंबईहून एजंटचा फोन आला. दहा दिवसांत जहाजावर चढायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल. प्रमोदला चव्वेचाळीस सरली होती. या वयात एकदा नाही म्हटलं की पुन्हा बोलावणं येत नाही, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. सून रडत होती. मला मात्र, खरं सांगायचं तर, त्याने जावं असंच वाटत होतं. घरी असला की तो चिडचिडा होतो, आणि जहाजावरचा मुलगा म्हणून गावात मला जो मान होता तोही मला हवा होता. एवढं असूनही त्याचे पाय डोळ्यांपुढून जात नव्हते. म्हणून मी वाघजाईचा कौल घ्यायचं ठरवलं.

कौल म्हणजे देवीला विचारणं. गुरव गाऱ्हाणं घालतो आणि देवीच्या पाषाणाच्या दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लग्नं, घरं, विहिरी, सगळं मी विचारून केलं. पण आता कबूल करते, मी देवीला खरं असं कधी विचारलंच नाही. मनात आधी ठरवून जायची. उलटा कौल आला की प्रश्न फिरवायची आणि गुरवाला पुन्हा कळ्या लावायला सांगायची. मनासारखा आला की नारळ ठेवून घरी. यालाच मी भक्ती समजत होते.

त्या दिवशी सकाळीच गेले. पाकीट देवीपुढे ठेवलं, वर नारळ ठेवला. प्रमोदला जहाजावर पाठवू का, असं विचारलं. डावी कळी लगेच पडली. मी गुरवाला म्हटलं, "आता असं विचार, की तो जाऊन सुखरूप परत येईल ना?"

गुरव माझ्या दिराच्या वयाचा, तोंडाने फटकळ. म्हणाला, "वहिनी, देवीची उलटतपासणी करतेस काय? ती काय कोर्टात उभी हाय?"

"तू कळ्या लाव."

त्याने लावल्या. या वेळी एकही पडली नाही. आम्ही बसलो. ऊन पायरीवरून आत आलं. गुरव दोनदा बाहेर जाऊन तंबाखू खाऊन आला. मग म्हणाला, मी जेवून येतो, तू बस तुझ्या देवीपुढे. मी बसले. मनात म्हणत होते, पाड, उजवी पाड. इतकं हट्टाने मी कधी काही मागितलं नव्हतं.

माझ्यामागे एक बाई आपला नंबर यायची वाट बघत बसली होती. चाळिशीची असेल. खेडला रक्त तपासायच्या ठिकाणी काम करते, इथे माहेरी आली आहे, असं तिने सांगितलं. तिला परतीची गाडी गाठायची होती. शेवटी कंटाळून म्हणाली, "आजी, तुमचा कौल पडल्याशिवाय माझा लागायचा नाही. असं काय अवघड विचारलंत देवीला?" मी पाकिटाकडे बोट दाखवलं. ती हसली. "देवीला इंग्रजी कागद वाचायला दिलात होय?"

मला राग आला. म्हटलं, "तिला येत नसेल, तुला येतं ना? मग तू वाच."

तिने नारळ बाजूला ठेवून पाकीट उघडलं. वाचता वाचता तिचं हसू गेलं. म्हणाली, "आजी, इथे आकडे दोन आहेत. गोल केलेला त्रेसष्ट. त्याच्या खाली बावन्न. हा बावन्न तुमच्या मुलाचा."

मी म्हटलं, माणूस एक, रक्त एक, मग आकडे दोन कसे? तिने मला कळेल असं सांगितलं. रक्तात स्नायूंमधून येणारी एक गोष्ट मोजतात, जी मूत्रपिंडाने बाहेर टाकायची असते. मग वय किती, बाई की पुरुष, हे धरून मूत्रपिंड किती चालतं त्याचा हिशेब करतात. तिकडे आफ्रिकी वंशाच्या काळ्या लोकांसाठी त्या हिशेबात थोडं वर चढवून द्यायची रीत होती. काळ्या माणसांचं अंग जास्त पिळदार असतं असं धरून. म्हणून कागदावर दोन ओळी, एक त्यांची आणि एक बाकीच्यांची.

"मग त्या लोकांना हा आजार होत नाही?"

"कसला नाही! त्यांचीही मूत्रपिंडं अशीच जातात. आकडा बरा दिसतो म्हणून उशिरा कळतं, आणि तोवर वेळ गेलेली असते. आता तिकडे ही रीत काढून टाकताहेत म्हणे. ज्यांचं नुकसान झालं त्यांचं झालंच." मग कागद माझ्या हातात देऊन म्हणाली, "कौल राहू दे. उद्याच्या उद्या त्याला रत्नागिरीला न्या. रक्तही तपासा, लघवीही."

मी उठले आणि घरी आले. कळ्या पडल्या की नाही ते मी मागे वळून बघितलं नाही. गुरव पुढे सांगत होता की संध्याकाळच्या पूजेपर्यंत तशाच होत्या, शेवटी त्यानेच काढल्या. त्याचा अर्थ काय लावायचा तो लावणाऱ्याने लावावा. त्या बाईचं नावही मी विचारलं नाही. तिचा कौल त्या दिवशी लागला की नाही, तेही मला माहीत नाही.

घरी येऊन प्रमोदला विचारलं, हा गोल कुणी केला? म्हणाला, "इस्पितळात कागद देतात त्या खिडकीतल्या माणसाने. माझ्या तोंडाकडे बघितलं आणि केला." तू कुठला, कोण, हे विचारलं नाही? "नाय. मला वाटलं, मोठा आकडा तोच बरा."

प्रमोद काळा आहे, चांगला काळा. तो जन्मला तेव्हा मी महिनाभर त्याला साय आणि हळद चोळत होते. काळ्या म्हणूनच हाक मारायची. त्याच्यासाठी एक गुणी मुलगी सांगून आली होती, ती मी रंगावरून परत पाठवली. घरात एक काळा पुरे, असं तिच्या बापाच्या तोंडावर म्हटलं. त्या खिडकीतल्या माणसाला मी दहा शिव्या दिल्या. अकरावी देताना थांबले. त्याने जे केलं ते मी जन्मभर केलं होतं. तोंड बघून माणसाचं माप घेतलं होतं.

रत्नागिरीला तपासलं. आकडा चाळिसाच्याही खाली आला. डॉक्टरांनी विचारून विचारून काढलं की पाठदुखीसाठी हा जहाजावर दोन वर्षं रोज गोळ्या खात होता. त्या बंद केल्या, मीठ बंद केलं, जहाज तर बंदच. म्हणाले, गेलेलं परत येणार नाही, राहिलंय ते सांभाळू. त्या उष्णतेत आणखी एक खेप केली असतीत तर समुद्रावर कुणाच्या हातात काही राहिलं नसतं.

प्रमोदने माझ्याशी चार महिने बोलणं टाकलं. कागद देवळात न्यायला तुला कुणी सांगितलं होतं, एवढं एकदाच ओरडला. त्याची जागा दुसऱ्याला गेली. त्याच्याबरोबरचे लोक सुट्टीवर यायचे तेव्हा तो मागच्या दारी जाऊन बसायचा. साडेतीन वर्षं औषधांवर काढली. गेल्या दिवाळीनंतर मशीनवर रक्त धुणं सुरू झालं, आठवड्यातून दोनदा. पाणी मोजून. आंबा नाही, शहाळं नाही, सुकी मासळी नाही. बागा लगडलेल्या असतात आणि त्याच्या पानात एक फोड ठेवता येत नाही. म्हणून आम्हीही घरात आंबा कापत नाही.

रत्नागिरीला त्याच्याबरोबर मी जाते. सुनेला घर आणि मुलगी सांभाळायची असते. मागच्या आठवड्यात परत येताना एसटीत तो खिडकीला डोकं टेकून होता. झोपलाय असं वाटलं. अचानक म्हणाला, "आये, त्या दिवशी उजवी पडली असती तर पाठवलं असतंस मला?"

खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, "पाठवलं असतं."

आमचा थांबा आला तेव्हा तो आधी उतरला आणि मला खाली घ्यायला हात पुढे केला. त्या हाताला सुयांच्या गाठी आहेत. मी जपून धरला.

ही सगळी वर्षं मी मागितलेली नव्हती. मी मागितलं होतं ते मिळालं असतं तर हा हातच नसता. आता मी देवळात जाते, पण काही विचारत नाही आणि सुचवतही नाही. तो बरा होणार नाही, हे मला ठाऊक आहे. आज तो घरी आहे. देवीपुढे हात जोडून एवढंच सांगते की तो आहे हे मला कळलंय, आणि उठते. त्याच्या जेवणाची वेळ झालेली असते.